वहिनी, तुझा चॉकलेट इसेन्स दे ना!

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारी ३१ वर्षांची आहे. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात नवरा, सासूबाई, चार वर्षांची मुलगी आणि धाकटा दीर यांच्यासोबत राहते. घरच्याच स्वयंपाकघरातून केक आणि चॉकलेटच्या ऑर्डरी घेते. दीर २५ वर्षांचा, केमिकल इंजिनिअर, नंदेसरीला नोकरी. कॉलेजपासून दिवसाला आठ-दहा सिगरेटी ओढायचा. गेल्या दिवाळीपासून सिगरेट बंद आणि व्हेप, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगरेट, सुरू. चोरून मिळणारं तयार लिक्विड महाग पडतं, शिवाय भरवशाचं नाही, म्हणून आता तो घरीच बनवतो: प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वर चव. त्याला चॉकलेटची चव हवी आहे आणि ती जमत नाही. एकदा कोको पावडर घालून पाहिली, तर यंत्रातली कॉइल जळून काळी झाली. आता तो वहिनीच्या बेकिंगच्या कपाटातला इसेन्स मागतो. "तू लोकांच्या पोरांना जे खायला घालतेस, तेच मी ओढणार. त्यात काय एवढं?" तिने दोनदा दिला. मिश्रण मुलीच्या तापाच्या औषधासोबत आलेल्या पिचकारीने मापतो, बाटली फ्रिजच्या दारात ठेवतो. दोन मित्रांनाही बाटल्या भरून दिल्या, पैसे घेऊन. सासूबाईंना काही ठाऊक नाही, खोलीला केकचा वास येतो म्हणून त्या खूश आहेत. नवरा म्हणतो, सिगरेट सुटली ना, बस झालं. तिचा प्रश्न: कोणता इसेन्स चालेल, तेलाचा की पाण्याचा? की नाहीच म्हणू? आणि नाही म्हटल्यावर तो परत सिगरेटवर गेला तर?

तू पत्रात मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही 'तू'च म्हणते.

इसेन्सबद्दल तू दीड पान लिहिलं आहेस. बाटल्यांवरची नावं, आकडे, सगळं उतरवून काढलंस. आणि 'परत सिगरेटवर गेला तर' ही ओळ मात्र अगदी शेवटी, सहीच्या जरा वर, घाईत लिहिलेली. त्या ओळीकडे येतेच. आधी इसेन्सचं मिटवू, कारण त्याचं अर्धं उत्तर तुझ्या रोजच्या कामातच आहे.

तू चॉकलेट वितळवतेस तेव्हा भांड्यात पाण्याचा एक थेंब पडला तर काय होतं? इतका वेळ रेशमासारखं चाललेलं चॉकलेट बघता बघता रवाळ होतं, गोळा होतं, अख्खा लॉट वाया जातो. म्हणून तर तुझ्या कपाटात दोन तऱ्हेच्या बाटल्या आहेत. केकच्या पिठात घालायची वेगळी, चॉकलेटमध्ये घालायची तेलातली वेगळी. वास दोन्हींचा एकच. पण कुठे घालायची यावर कोणती उचलायची ते ठरतं, आणि चुकलं तर काय होतं हे तू पैसे मोजून शिकली आहेस. फुफ्फुस ही तिसरी जागा आहे गं. तिच्यासाठीची बाटली तुझ्या कपाटात नाही.

कोको पावडरचं काय झालं ते आधी सांगते, कारण त्याचं दिराला नवल वाटलं म्हणतेस. कोकोच्या बीमध्ये निम्मा भाग चरबीच असते. तिलाच आपण कोको बटर म्हणतो. पावडर करताना ती दाबून काढली तरी दहा-वीस टक्के उरतेच, आणि बाकीचा चोथा कशातच विरघळत नाही. व्हेपमध्ये एक तापणारी तार असते आणि तिच्याभोवती कापूस. तू डार्क चॉकलेट ३१-३२ अंशांवर सांभाळतेस, दोन अंश वर गेलं तर हळहळतेस. ती तार २०० अंशांच्या वर जाते. तिथे कोकोचा चोथा गेला तर कढईच्या तळाला लागलेल्या दुधासारखा करपणार, आणि चरबीचे बारीक थेंब वाफेबरोबर आत जाणार. फुफ्फुसात तेल-चरबी साचून होणाऱ्या आजाराला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. तेव्हा तेलाच्या इसेन्सचा विषय इथेच संपला. तो एकदाही, थेंबभरही नको.

उरला पाण्यात मिसळणारा. त्याच्या लेबलवर तुला बहुतेक प्रॉपिलीन ग्लायकॉल लिहिलेलं दिसेल, आणि दीर तिथेच बोट ठेवून म्हणेल, बघ वहिनी, माझ्या बाटलीत आहे तेच आहे. अर्धं खरं आहे त्याचं. खरी कोको आणि चॉकलेटचा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजलेल्या कोकोच्या वासात शेकडो रेणू असतात, 'हाच चॉकलेटचा' असा एक रेणू सापडतच नाही. म्हणून तर त्याला चव जमत नाहीये आणि तीन-तीन आठवडे बाटली लोणच्यासारखी मुरत ठेवावी लागते. इसेन्सवाले करतात काय, तर भाजल्याच्या वासाचे थोडे पायरेझिन, व्हॅनिलिन, साखर करपल्यासारखा गोड वास देणारं माल्टॉल, आणि दुधाळ चॉकलेट हवं असेल तर लोण्याचा वास देणारं काहीतरी. शिवाय कॅरमेलचा रंग. हे सगळं खाण्यासाठी तपासलेलं असतं. 'खाद्य' हा शब्द लेबलवर त्याच अर्थाने आहे आणि तेवढ्यापुरताच आहे.

पोटात गेलेल्या गोष्टीला आधी आम्ल भेटतं, मग आतडं, मग यकृत. वाटेत तीन नाके आहेत, त्यातलं यकृत तर भलतंच खमकं. नाही पटलं तर उलटीचीही सोय आहे. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते आणि तिच्या पलीकडे लगेच रक्त. तिथे ना नाका, ना उलटी. फार तर खोकला.

त्या लोण्याच्या वासाचीच गोष्ट सांगते. त्या रसायनाचं नाव डायअसेटिल. साध्या लोण्यातही किंचित असतं, आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावी पॉपकॉर्नचा कारखाना होता. २००० साली तिथल्या आठ माजी कामगारांच्या फुफ्फुसांचा एक दुर्मीळ आजार उजेडात आला. श्वासाच्या सगळ्यात बारीक नळ्या व्रण पडून आक्रसून जातात, आणि त्या पुन्हा उघडत नाहीत. ते लोक लोण्याच्या चवीचं रसायन तापवायच्या टाक्यांजवळ आणि पाकिटं भरायच्या जागी काम करत. पॉपकॉर्न खाणाऱ्यांचं पोट ठीक होतं. वाफ हुंगणाऱ्यांची फुफ्फुसं गेली. पुढे २०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी व्हेपच्या ५१ चवी तपासल्या, त्यातल्या ३९ मध्ये डायअसेटिल निघालं.

आता दीर हुशार आहे, तो तुला सांगेल की सिगरेटच्या धुरात डायअसेटिल याहूनही जास्त असतं. बरोबर आहे, असतं. पण मग त्याने सिगरेट सोडली कशासाठी? तेच दुसऱ्या दाराने आत घ्यायला?

आणखी एक उदाहरण, मग रसायनं पुरे. ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी असतात. कुणी खातं, कुणी फोडून चेहऱ्याला लावतं. त्याचाच एक प्रकार, व्हिटॅमिन ई अॅसिटेट, अमेरिकेत काही लोकांनी व्हेपच्या लिक्विडमध्ये घातला, मुख्यतः गांजाचा अर्क असलेल्या लिक्विडमध्ये, दाटपणा यावा म्हणून. २०१९ चा उन्हाळा संपता संपता धडधाकट तरुण पोरं दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले, ६८ गेले. घालणाऱ्यांनी हाच विचार केला असणार की खायला चालतं, लावायला चालतं, मग ओढायला का नको.

म्हणजे 'कोणता इसेन्स' याचं उत्तर 'कोणताच नाही' असं आहे. यात मी कुठेही 'पण' ठेवलेला नाही.

'तो केमिकल इंजिनिअर आहे, त्याला कळत असेल' हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलं आहे. मी नोकरीची १८ वर्षं औषधाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून याबद्दल जरा बोलू दे. शिकलेला माणूस कारखान्यात जे नियम पाळतो, ते घरी पाळत नाही. मी पण नाही पाळले. एकदा घरी काच पुसायला म्हणून स्पिरिट आणलं आणि सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं. मे महिना, दुपार, सासरे बाहेरून तापून आलेले. त्यांनी बाटली उचलली, झाकण उघडलं, आणि नशीब की आधी नाकाला लावली. त्या दिवसापासून माझ्या घरात खाण्याच्या बाटलीत दुसरं काही भरत नाहीत, रिकामी बाटली धुऊनसुद्धा नाही.

कारखान्यात ग्लायकॉलचा ड्रम आला की सीलबंद असला, कागद सोबत असले तरी नमुना काढून मशीनवर लावतात. कारण प्रॉपिलीन ग्लायकॉल, एथिलीन ग्लायकॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल ही तिन्ही पाण्यासारखी स्वच्छ, जराशी दाट, चवीला गोडसर. डोळ्याने, नाकाने फरक कळत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त लेकरं गेली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. ते तर परवाना असलेल्या कारखान्यातलं औषध होतं. दिराला विचार, त्याचं ग्लायकॉल कुठून येतं, औषधाच्या प्रतीचं की कारखान्यातल्या ड्रममधलं, आणि ते तपासलं कुणी. विचारताना आवाज चढवू नकोस. त्याच्या धंद्यातला प्रश्न आहे, उत्तर देताना त्याला स्वतःलाच ऐकू येईल.

निकोटीनबद्दल मात्र मला काळजी वाटते, इसेन्सपेक्षा कितीतरी जास्त. वासद ओलांडून चरोतरात गेलीस की तंबाखूची शेतं लागतात. तिथली जुनी माणसं तंबाखूचा काढा पिकावर मावा मारायला फवारायची. ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना संध्याकाळी मळमळतं, गरगरतं, कारण निकोटीन नुसत्या कातडीतून आत जातं. हे झालं पानातलं. तू लिहितेस की दिराच्या बाटलीवर '१००' आकडा आहे. म्हणजे एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम. एका सिगरेटमधून शरीरात जातं साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. त्या बाटलीचा एक थेंब म्हणजे साधारण पाच मिलिग्रॅम, तीन ते पाच सिगरेटी एकदम. चमचाभर सांडलं तर मोठ्या माणसालाही दवाखाना गाठावा लागेल. आणि तुझी मुलगी चार वर्षांची आहे.

आता तुझाच फ्रिज डोळ्यांसमोर आण. दारात चॉकलेट सिरपची बाटली, तिच्या शेजारी चॉकलेटचाच वास येणारी, थेंब थेंब टाकायला बरी अशी छोटी बाटली. घरात आई दिवसभर चॉकलेट करते, आणि बोट चाटायला मिळणं हा मुलीचा हक्कच. तिला त्यातलं कुठलं चाटायचं नाही हे कोण सांगणार? आणि ती पिचकारी! ज्या पिचकारीने तिला तापाचं औषध देतात, तिनेच निकोटीन मापायचं? हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. ती पिचकारी धुऊनही परत वापरू नकोस, फेकून दे. दुसरी औषधाच्या दुकानात सहज मिळते.

देव न करो, पण कधी मुलीच्या तोंडात गेलंच तर ओकायला लावू नकोस. तोंड पुसून काढ, १०८ ला फोन कर किंवा रिक्षात बसून सरळ मोठ्या दवाखान्यात जा, आणि बाटली सोबत ने, डॉक्टरांना आकडा दिसायला हवा. उलट्या, लाळ गळणं, चेहरा पांढरा पडणं, छाती धडधडणं ही सुरुवातीची लक्षणं. ती दिसायची वाट पाहत घरी बसू नये. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात यांवर आपल्या देशात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने बंदी आली, आणि डिसेंबरात तिचा कायदा झाला. नुसतं ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं कलम त्यात नाही, दीर त्यावरच निर्धास्त असणार. पण बंदी अख्ख्या वस्तूवर आहे तशी तिच्या भागावरही आहे, आणि मित्रांना बाटली भरून पैसे घेतले की ते उत्पादन आणि विक्रीच झालं. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. तुझ्यासाठी महत्त्वाचं असं की, जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून तिथे साठा करू देणं हाही गुन्हा आहे. ते स्वयंपाकघर तुझं आहे. तिथून तू लोकांना खाण्याचे पदार्थ देतेस. उद्या काही झालं तर नाव पहिलं तुझं येईल, दिराचं नंतर. मित्रांच्या बाटल्या आजपासून बंद, यावर चर्चा नको. आपल्या बडोद्याच्या मराठीत सांगायचं तर, हे मला नाही फावणार, एवढंच म्हण.

आता ती शेवटची ओळ.

आधी एक कबूल करू या. दिराने केलं ते लहान नाही. दिवसाला आठ-दहा सिगरेटी इतके महिने हात न लावता राहणं सोपं नसतं. माझे वडील चुना-तंबाखूची डबी सोडायला आयुष्यभर निघाले आणि कधी पोचलेच नाहीत, म्हणून मला याची किंमत कळते. जळणाऱ्या तंबाखूच्या धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड व्हेपमध्ये नसतं, हेही खरं. इंग्लंडात सरकारच सिगरेट ओढणाऱ्यांना व्हेप देऊन सिगरेट सोडवायचा कार्यक्रम चालवतं. दीर हे तुला सांगेल आणि खोटं सांगणार नाही. फक्त तिथे निकोटीन मिलिलीटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, बाटली दहा मिलीहून मोठी चालत नाही, आत काय आहे ते विक्रीआधी सरकारला कळवावं लागतं. तुमच्याकडे चालू आहे ती त्या कार्यक्रमाची नक्कल नव्हे, त्याचं फक्त नाव घेतलेलं आहे.

आणि तुझं म्हणशील, तर तू असा हिशोब मांडलास की इसेन्स देणं म्हणजे सिगरेटपासून वाचवणं. कुणी मांडायला लावला हा हिशोब? त्याने सिगरेट सोडली ती त्याच्या जिवावर, चॉकलेटच्या वासावर नाही. दिवाळीपासून तो राहिला, तेव्हा तुझा इसेन्स कुठे होता? तू तर गेल्या दोन महिन्यांत दिलास. उद्या परत सिगरेट लागली तर कारण असेल निकोटीनची ओढ, नोकरीतली रात्रपाळी, मित्रांचा अड्डा. तुझं कपाट त्या यादीत फार खाली येईल.

मला वाटतं, तुला 'नाही' जड जातंय ते वेगळ्याच कारणाने. लग्न होऊन आलीस तेव्हा तो शाळेत होता, असं लिहिलं आहेस. आईपासून लपवलेलं सगळं तो तुला सांगतो. पहिली सिगरेटही तुलाच सांगितली. वहिनीपाशी काहीही मागता येतं ही जागा तुला गमवायची नाही. नको गमावूस. पण त्या जागेवरून 'हे नाही देणार' असंही म्हणता येतं, आणि ते फक्त तुलाच म्हणता येईल. सासूबाई म्हणाल्या तर रडारड होईल, भाऊ म्हणाला तर भांडण.

सासूबाईंना लगेच सांगावं का? मी तरी आज सांगणार नाही. त्यांना कळलं की विषय निकोटीनचा राहणार नाही, 'माझ्यापासून लपवलंत' हाच होईल, आणि दीर दुसऱ्या दिवशी सामान मित्राच्या खोलीवर हलवेल. नवऱ्याला मात्र सांग, पूर्ण सांग, फ्रिज आणि पिचकारीसकट. 'बस झालं' तो म्हणाला ते सिगरेटबद्दल. मुलीच्या पिचकारीबद्दल तो असं म्हणेल असं मला वाटत नाही. आठवडाभरात बाटल्या घराबाहेर गेल्या नाहीत, तर मग सासूबाईंपासूनही लपवू नकोस.

दिराशी बोलायचं ते स्वयंपाकघरात नको, तिथे तो मागणारा आणि तू देणारी असता. रविवारी सकाळी शेव-उसळ खायला घेऊन जा त्याला, किंवा कमाटीबागेत मुलीला खेळायला सोडून बाकावर बसा. आणि पहिलं वाक्य कौतुकाचं असू दे, कारण ते खरं आहे. मी असते तर साधारण असं म्हटलं असतं: "तू सिगरेट सोडलीस त्याचा मला फार अभिमान आहे. म्हणूनच इसेन्स देणार नाही. मी दिलेल्या वस्तूने तुझ्या छातीला काही झालं तर मला झोप लागणार नाही. बाटल्या आज घरातून जाऊ देत. आणि निकोटीन सोडायचं तर मी तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येते." एवढंच. डायअसेटिल वगैरे तिथे काढू नकोस, तो वाद जिंकेल आणि तू गप्प बसशील.

तो म्हणेल, मग ओढ लागल्यावर काय करू? हे त्याने विचारलं तर अर्धं काम झालं समज. औषधाच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगम मिळतं. दोन मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय, चार मिलिग्रॅमचं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला पहिली सिगरेट लागायची, त्याला सहसा चारचं लागतं. पुष्कळ लोक ते साध्या च्युइंगमसारखं चघळत सुटतात, मग जळजळतं, उचक्या लागतात, आणि 'हे काही कामाचं नाही' म्हणून फेकून देतात. सावकाश चार-सहा वेळा चावायचं, जीभ झिणझिणली की तंबाखूची चिमूट ठेवतात तसं गालात ठेवून द्यायचं. झिणझिण गेली की परत चावायचं. अर्धा तास पुरतं. त्याआधी पाव तास आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, आंबट नको, नाहीतर निकोटीन तोंडातून शोषलंच जात नाही. महिन्या-महिन्याने संख्या कमी करत साधारण तीन महिन्यांत संपवायचं. पॅचही मिळतात, आणि डॉक्टर तपासून गोळ्याही देऊ शकतात. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो तोच नंबर. निकोटीन कशातूनही घेत असलात तरी फोन करायला हरकत नाही.

ओढ आली की ती तीन-पाच मिनिटं जोरात असते, मग ओसरते. तू लिहितेस की त्याची सगळ्यात अवघड वेळ जेवणानंतरची, गच्चीवरची. मग त्या वेळेला त्याच्या हाती काहीतरी काम दे. तुझ्या ऑर्डरींचे डबे बांधायला बसव. आणि चॉकलेटच हवं असेल तर तुझ्या हातचा डार्कचा एक तुकडा दे, दाताखाली.

अशीच पत्रं आणखी दोन आईबापांकडून आली आहेत, पण त्यांची मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत आणि त्यांनी सिगरेट कधी ओढलीच नव्हती. त्यांना एवढंच सांगते की 'सिगरेटपेक्षा बरं' हा युक्तिवाद तुमच्या घरात लागूच होत नाही. तिथे सुटलेलं काही नाही, नवीन लागलेलं आहे. ओरडण्याआधी बाटली कुठून आली ते शांतपणे काढून घ्या आणि मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा बाटल्या विकणारा बहुधा शाळेच्या आसपासच सापडतो.

आणि तू, हे वाचून झालं की फोन ठेव आणि आधी फ्रिज उघड. हातमोजे घालून बाटली काढ, झाकण घट्ट कर, दोन पिशव्यांत बांध आणि मुलीचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेव. मोरीत ओतू नकोस. संध्याकाळी दीर आला की त्याच्या हातात दे, घातक रसायनाची विल्हेवाट कशी लावायची हे त्याला कारखान्यात शिकवलेलं आहे. मग फ्रिजचं दार साबणाने पूस, सिरपच्या बाटलीसकट.